नाल्याचा आकडा

सकाळी बरोबर आठला खुशालरावांचा फोन वाजायचा. चिखलदऱ्याच्या उतारावरचा एक नाला ते मोजत. दिवाळीपर्यंत काठावरची मोजपट्टी वाचली की भागायचं. धार बारीक झाली, की आडभिंतीतल्या पाइपाखाली दहा लिटरची बादली धरायची आणि ती भरायला लागणारे सेकंद मोजायचे. अमरावतीच्या पाणीपुरवठा कार्यालयातली उज्मा फोनवर आकडा लिहून घ्यायची.

"काका, आज किती?"

"चाळीस सेकंद. जेवली काय तू?"

"आठ वाजता कोन जेवते? चहा घेऊन राहिली."

"नुसता चहा? म्हनून तर वाळून राहिली."

"पाहिलं कुठी तुमी मले?"

पाहिलं नव्हतंच. पण बायको गेल्यापासून दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस तेवढंच. मुलगा अकोल्याला, जठारपेठेत. आठवण झाली, तर फोन करायचा.

नियम साधा होता. धार बंद झाली, की आकडा शून्य; मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत फोन नाही.

शिमगा झाला आणि बादलीला सात मिनिटं लागू लागली. मग एका सोमवारी खुशालराव पाइपाखाली बसले ते बसलेच. बादलीचा तळसुद्धा ओला झाला नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"आठ मिनिटं," ते म्हणाले.

मंगळवारी साडेआठ. बुधवारी नऊ. खोटा आकडाही ते बेतानं वाढवत होते.

गुरुवारी उज्मा खुशीत होती. "काका, तुमच्या नाल्यानं काम केलं! अजून धार आहे म्हनून सायबानं खालच्या गावाचा टँकर पंधरा दिवस पुढं ढकलला."

खुशालरावांनी बादली पालथी घातली.

"उज्मा, शून्य लिही."

"आज बंद झाली?"

"सोमवारीच."

"काहून केलं असं?"

खुशालरावांनी उलट विचारलं,

"टँकर कधी येईल?"

"दोन दिवस तरी लागतील. सांगते सायबाले. ठेवते." काका म्हणाली नाही.

खुशालराव कोरड्या पात्रातून खाली उतरले. गावाजवळ बायका वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरत होत्या. ओळखीची सुभद्रा हसली.

"काका, वाट चुकले काय?"

"नाही बाई. तुमचा टँकर माह्यामुळं थांबला. खोटं सांगतलं मी. तेच सांगाले आलो."

सुभद्रेनं त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि वाटी पुन्हा झिऱ्यात बुडवली. खुशालरावांनी चपला काढल्या आणि कडेची वाळू उपसायला बसले.