प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड

मी एक जुनी पितळी इस्त्री आहे. पोटात निखारे घालून तापवायची, त्या जातीची. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. उचलून बघाल तर मनगट दुखेल एवढं माझं वजन आहे, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

एका ओतारी कारागिराने मला साच्यातून काढलं आणि माझा तळ घासघासून लख्ख केला. माझ्या मालकाने मला घेतलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. रस्त्याच्या वळणावर त्याचं दुकान होतं. पुढे टेबल, मागे बिऱ्हाड. मालकीण कपडे धुऊन आणायची, तो इस्त्री करायचा. हाताला अशी सफाई, की कॉलर बघून गिऱ्हाईक आरशासमोर उगाच रेंगाळायचं.

एकच खोट होती. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. एकदा भडकला की जिभेला हाड नसायचं, आणि सगळं मालकिणीच्या वाट्याला यायचं. दर रविवारी चर्चमध्ये जाऊन तो क्षमा मागायचा आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "देवाला तरी किती वेळा तेच तेच सांगू?" असं निखारे फुंकताना पुटपुटायचा. मला त्याची कीव यायची.

आमच्या धंद्याचा एक नेम आहे. पांढऱ्या कपड्याला लावण्याआधी मला चिंधीवर फिरवून बघायचं. चिंधी पिवळी पडली तर जरा थांबायचं. मालकाने हा नेम कधी मोडला नव्हता. मग एका शनिवारी चर्चमधून प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड आलं. येशूने आपल्यासाठी प्राण दिला त्याची आठवण म्हणून जी भाकर आणि जो द्राक्षारस घेतात, ते त्या कापडावर ठेवतात. त्याच्या काठावरचं भरतकाम मालकिणीने स्वतःच्या हाताने केलेलं. त्या दिवशी जेवायला उशीर झाला एवढ्यावरून घरात वाजलं. मालक ओरडत राहिला, निखारे फुलत राहिले, आणि रागाच्या भरात त्याने चिंधीबिंधी न बघता मला थेट त्या कापडावर दाबलं. करपल्याचा वास आला. उचललं तर भरतकामावर माझ्या तळाएवढा तपकिरी डाग.

तेवढ्यात चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, कापड न्यायला आले. मालक चटकन म्हणाला, "हिने तापलेली इस्त्री वर ठेवली आणि विसरली."

मालकीण दारातच उभी होती. तिने ते ऐकलं आणि ती आत वळली.

चर्चमधल्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. चर्चचं पुढचं भरतकाम दुसरीकडे गेलं. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं उरलं. "कोळसे संपलेत." "गिऱ्हाईक आलंय." बस. एरवी दोघं बोलायला लागली की मला कान मिटावेसे वाटायचे, पण ती गप्प राहिलेली मला अजिबात सोसवेना. हा संसार असाच थंड होऊन जाणार, अशी मला धास्ती बसली.

मालकाने मग चर्चचे पडदे, गाणाऱ्यांचे झगे, सगळं फुकट करून द्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. एके दिवशी झगे न्यायला आलेले पाळक टेबलाजवळ थांबले.

"हल्ली तुम्ही प्रभुभोजन घ्यायला उठून पुढे येत नाही. काय झालंय?"

मालकाने मला बाजूला ठेवलं. "कुठल्या तोंडाने उठू? तो डाग मी पाडला. वर खोटंही बोललो. म्हणून तर एवढं काम करतोय. पण मन काही निवत नाही."

पाळक म्हणाले, "अहो, इस्त्री करून पाप जात असतं तर मी गावभरची गाठोडी तुमच्या दारात आणून टाकली असती. येशूने वधस्तंभावर तुमची शिक्षा सोसली आहे. तुम्ही क्षमा नुसती पदरात घ्यायची."

"आणि पुन्हा भडकलो तर?"

"पुन्हा त्याच्याकडेच जायचं. पडलेलं लेकरू आईकडेच जातं ना?"

मालक टेबलावर डोकं टेकून रडला. "प्रभू, मी पापी आहे. माझ्याच्याने होत नाही. तू सांभाळ," एवढंच म्हणाला. डोकं वर केलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. इतक्या वर्षांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं.

मालकीण धुतलेल्या कपड्यांचं बोचकं घेऊन आली, तसा तो पाळकांसमोरच तिला म्हणाला, "कापड मी जाळलं आणि तुझ्यावर ढकललं. रविवारी सगळ्यांपुढे सांगणार आहे. मला माफ कर."

"मला काय नवीन सांगता? मी इथेच तर उभी होते." बोचकं खाली ठेवून ती म्हणाली, "करीन माफ. पण लगेच नाही जमायचं."

"चालेल," तो म्हणाला.

रविवारी त्याने खरंच सगळ्यांपुढे सांगितलं. गिऱ्हाइकं आठवडाभर तेच बोलत होती. राग काही एका दिवसात गेला नाही. पण आता तो भडकायला लागला की मला बाजूला ठेवून मागच्या दाराशी जायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा आणि परत येऊन म्हणायचा, "चुकलं माझं." कधी प्रार्थनेआधी दोन शब्द सुटायचेच, पण माफी मागायची त्याने कधी उद्यावर टाकली नाही. असा धीराचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे विजेची इस्त्री आली आणि मी फळीवर गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वरून सगळं घर दिसायचं. एका रविवारी मालक चपला घालत होता आणि मालकीण आतून म्हणाली, "अहो, थांबा जरा. आज प्रभुभोजनाला बरोबर उठू."

चपला काढून तो दाराशीच तिची वाट बघत बसला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलंत तर आनंदच आहे, नाही ठेवलंत तरी पितळ कुठे जात नाही. पण तुमच्या हातून कुणाचं मन भाजलं असेल, तर त्याची भरपाई म्हणून भलतीच कामं उपसत बसू नका. येशूकडे जा आणि मग त्या माणसाकडे जा. त्याला वेळ लागला तर दाराशी बसून राहा.