धावपट्टीच्या सुनावणीतला माईक

मी एक माईक बोलतोय. सध्या पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत असतो. गळ्यात गुन्ह्याच्या नंबराची चिठ्ठी आहे. माझी जाळी एका बाजूने आत गेली आहे आणि तिच्या भोकांत रक्त सुकलंय. ते गुणाजी आबांचं.

कुठल्याशा कारखान्यात मला जोडलं, ते फारसं आठवत नाही. आयुष्य सुरू झालं ते शिवरामच्या हातात. कल्याणच्या पूर्वेला एका गावात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विमानाची धावपट्टी आहे. त्या गावात शिवरामची साऊंड सर्व्हिस. मी हळदीत गायलो, भीमजयंतीला घसा फाटेपर्यंत बोललो. माणूस मला हातात घेतो, दोन टिचक्या मारतो, 'जास्त वेळ घेत नाही' म्हणतो आणि अर्धा तास सोडत नाही. मला त्याचं हसू यायचं.

मग कंपनी आली. बड्या लोकांच्या खाजगी विमानांना मुंबईत उभं राहायला जागा नाही, म्हणून ही पट्टी वाढवायची होती. त्यात भातशेती जाणार होती आणि बौद्धवाड्यातली चाळीस घरंही.

गावात दोन तट पडले. एकीकडे गुणाजी आबा, सत्तरी ओलांडलेले, पट्टीला लागूनच भात लावणारे. दुसरीकडे त्यांचा पुतण्या प्रीतम. डोंबिवलीतला त्याचा केमिकलचा कारखाना बंद पडलेला, दोन वर्षं घरी बसलेला. कंपनीने त्याला सुपरवायझरची नोकरी कबूल केली होती. बाप गेल्यावर प्रीतमला आबांनीच वाढवलं. आता दोघं एकमेकांच्या दारातून जात नव्हते.

जनसुनावणी शाळेच्या पटांगणात होती, सकाळी अकराला. त्याआधी कंपनीच्या माणसाने शिवरामला बाजूला घेऊन सांगितलं, म्हाताऱ्याचा नंबर आला की आवाज खाली घे. शिवरामने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

प्रीतम चांगला बोलला, खोटं कशाला सांगू? "भातावर गावातली किती घरं चालतात, सांगा ना. माझ्या पोरीला मी काय शिकवू, लावणी?" अर्ध्या पटांगणाने टाळ्या दिल्या. बौद्धवाड्यातली अंगणवाडीची बाई वैशाली हिने चाळीस घरं कुठे हलवणार ते विचारलं. सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी कागद उलटसुलट केले आणि पुढचं नाव पुकारलं.

आबा उभे राहिले. पहिलं वाक्य संपायच्या आत माझा आवाज बसला. आबांना वाटलं मीच बिघडलो, त्यांनी मला हलवून पाहिलं. मागचे लोक ओरडू लागले. वैशाली सरळ शिवरामच्या टेबलापाशी गेली.

"शिवराम, तुझ्या आज्याची जमीनपण याच पट्टीखाली आहे रे."

शिवरामने कंपनीच्या माणसाकडे बघितलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"इंग्रजांनी लढाईच्या टायमाला जमीन घेतली, परत देतो बोलून," आबांचा आवाज आठही भोंग्यांतून फुटला. "माझा बाप वाट बघत मेला. आता तिथे चार माणसांचं एक विमान उभं राहणार, आणि आम्ही..."

प्रीतम स्टेजवर धावला. त्याने मला ओढलं, आबांनी सोडलं नाही. शेवटी हिसकून घेतलं आणि त्यांच्या कानशिलावर हाणलं, माझ्यानेच.

मी चालू होतो. तो घाव साऱ्या गावाने ऐकला. आबांची बायको कलावती घरी तांदूळ निवडत बसली होती. तिला वाटलं स्पीकर पडला, आणि ती निवडत राहिली.

प्रीतमने दुसऱ्यांदा मारलं तेव्हा आत हाड मोडल्याचं मला कळलं.

मग दगड सुरू झाले. खुर्च्या डोक्यांवर फुटल्या, कंपनीची गाडी उलटी करून पेटवली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या त्या बायका, म्हातारे न बघता. वैशालीचं कपाळ फुटलं. शिवराम ॲम्प्लिफायरवर पालथा पडून तो वाचवत होता, त्याच्या मनगटाचे दोन तुकडे झाले. मी धुळीत पडून सगळ्यांच्या किंकाळ्या गावभर पाठवत होतो. मला गप्प राहता येत नाही. कुणीतरी वायर तोडली तेव्हा सुटलो.

प्रीतम पळाला नाही. आबांच्या डोक्याशी बसून जखम तळहाताने दाबत होता. पोलिसांनी त्याला तिथूनच ओढत नेलं.

आबा जगले. डावा कान कायमचा गेला. सुनावणीचं काम मात्र 'शांततेत पूर्ण' अशी नोंद झाली. त्या कागदात आबांच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात मला कल्याणच्या कोर्टात नेलं. प्रीतमचा वकील म्हणाला, एवढ्याशा वस्तूने कवटी फुटत नाही. जजसाहेबांनी मला उचलून वजन बघितलं. मग आबांना विचारलं, कुणी मारलं?

आबांनी उजवा कान पुढे केला, प्रश्न पुन्हा ऐकला. पिंजऱ्यातल्या प्रीतमकडे बोट केलं.

"यानेच. माझा पुतण्या आहे," ते म्हणाले. "पण साहेब, मी तेव्हा बोलत होतो ते कुणीच लिहून घेतलं नाही. ते आधी लिहा."

जजसाहेब म्हणाले, तो या खटल्याचा विषय नाही. प्रीतमने मान खाली घातली ती वर केली नाही.

त्या दिवशी मी आबांच्या ओठांपासून चार बोटांवर होतो. 'आणि आम्ही' इथवर मी ऐकलंय, त्यापुढचं मलाही माहीत नाही. गावात पट्टीच्या पुढच्या जनसुनावणीची तारीख लागली आहे. माझ्या जागी दुसरा माईक असेल. तो आबांच्या हातात द्या, आणि त्यांचं होईपर्यंत कुणी उठू नका.