पितळी गोळ्याला रुपेरी रंग

थंड गोळा कड्यातून जाईना, तेव्हा सुचित्राच्या मनात पहिलं नाव आलं ते दीपक सरांचं. दुसरं आलंच नाही.

भोईवाड्यातल्या त्या शाळेत विज्ञानाची कायम जागा एकच, आणि उमेदवार दोघे, ती आणि दीपक सर. थोड्याच वेळात दोघांनाही समितीसमोर वर्गाला उष्णतेचं प्रसरण शिकवून दाखवायचं होतं. सुचित्राने साहित्य स्वतः जमवलं होतं. मोडक्या पलंगाचा पितळी गोळा, आणि शिवडीच्या लेथवाल्याकडे हेलपाटे घालून बेताचं कापून घेतलेलं कडं. थंड गोळा अलगद पार, तापवला की अडकलाच. दसऱ्याआधी पुन्हापुन्हा करून पाहिलेलं.

आणि सुट्टीनंतर कपाट उघडते तर हे! गोळा चांदीसारखा चकचकीत. तिचा तर काळपट पिवळा होता. बदलला. सुट्टीत किल्ली कुणाकडे होती? दीपक सरांकडे. वर्षभर 'मॅडम, चहा सांगू का' चाललं होतं ते यासाठी तर!

कडं आतून घासून मोठं करायला तिने कानस काढली, कडं मुठीत घट्ट धरलं.

"मॅडम, कानस नको!" दारातून सर ओरडले.

"का हो? तुमच्या का पोटात दुखतंय?"

"अहो, एवढं रंगवलंय, ओरखडे पडतील."

"रंगवलंय?"

"खंडेनवमीला. आमचे बाबा गिरणीत होते ना, पूजेआधी विणायचे साचे पुसून, रंगवून लख्ख करायचे. म्हटलं, प्रयोगशाळेची पूजा आहे, तुमचं सामान काळवंडलेलं बरं दिसत नाही. मारले दोन हात. सरप्राइज!"

सुचित्राला पटेना. तिने नखाने गोळा खरवडला. रुपेरी पापुद्रा निघाला, खाली तिच्याच पलंगाचं पितळ. बरं, रंग खरा. पण हेतू?

"आणि तुमचं सामान?"

"तेही रंगवलं की!" सरांनी अभिमानाने आपली लोखंडी सळई काढली, आणि ती जिच्या खाचेत नेमकी बसायची ती पट्टीही. दोन्ही लखलखीत.

"करून पाहिलंत?"

"त्यात काय पाहायचंय? नेहमीच बसते."

म्हणजे माणूस लबाड नव्हता, येडा होता. सुचित्राला हलकं वाटलं आणि लगेच जड. आपला गोळा साफ करायचा, तोंड मिटून वर्गात जायचं. रंगाच्या थराने सरांची सळई काही खाचेत बसणार नाही, समितीपुढे ते घामाघूम होतील, जागा आपली. कुणी बोलही लावला नसता.

"आधी तुमचा तास आहे मॅडम, द्या, मी पुसतो," म्हणत सरांनी रंग उतरवायला थिनरची बाटली उघडलीसुद्धा. चिंधीने कडं नि गोळा घासून, कोरडे करून त्यांनीच गोळा सोडून पाहिला. सुळकन पार.

"झालं तुमचं काम," सर म्हणाले, आणि बाटलीला बूच लावायला लागले.

सुचित्रा बुचाकडे बघत राहिली.

"थांबा," ती शेवटी वैतागून म्हणाली. "ती सळई लावा बघू खाचेला."

"आत्ता? कशाला?"

"लावा म्हणते ना!"

सरांनी लावली. बसेना. उलटी करून लावली, तरी बसेना. त्यांचा चेहरा उतरला.

बाहेर जिन्यात समितीच्या चपला वाजत होत्या. सुचित्राने सरांच्या हातून बाटली ओढून घेतली.

"बघत काय बसलात? तुम्ही खाच घ्या, मी सळई."