खंडेनवमीचा कापूर

मित्रांनो, कुणी माझे वय विचारले की मी पंचाइतीत पडते. इंजिन आणि खालचा सांगाडा महायुद्धातला, बॉनेट कुठल्याशा दुसऱ्याच जीपचे, तळ आणि दोन्ही बाजू सोलापुरात नव्याने ठोकलेल्या. तेव्हा वयाचे राहू द्या. मी एक जुनी जीप आहे आणि मंगळवेढ्याच्या पुढे एका लहानशा गावात, आबासाहेबांच्या दारातल्या लिंबाखाली राहते.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. लढाईसाठी घाईघाईने घडवलेल्या हजारो बहिणींतली मी एक. मोठ्या ऐटीत बोटीतून आले, पण बंदुकीचा आवाज काही माझ्या कानी पडला नाही. साहेबांचे टपाल आणि जेवणाचे डबे वाहण्यातच माझी लढाई संपली. पुढे लष्कराने आम्हाला लिलावात काढले आणि या हातातून त्या हातात फिरत मी आबासाहेबांकडे आले.

इथली जमीन काळी. ज्वारी अशी पिकते की पाहणाऱ्याने बघतच राहावे, पण पाऊस पडला की तीच माती माणसाचा पाय धरून ठेवते. एस.टी. फाट्यापर्यंत येते आणि तिथून गावापर्यंत नुसती गाडीवाट. चिखलात बैल गुडघे टेकतात तिथून मी चारी चाकांनी ओढत पार होते, हे मी जरा फुशारकीनेच सांगते. आबासाहेब मला स्वतः चालवत. माणूस तोंडाने तापट, पण गिअर टाकताना हात हळवा. शेजारी बहुधा त्यांच्या थोरल्या बहीण मथुराबाई असत. त्या विधवा, भावाकडेच राहणाऱ्या, आणि गावच्या सुईण. कुठल्या वस्तीवर बाई अडली की त्यांना तिकडे पोहोचवायचे, आणि त्यांच्या हातचे काम नसेल तर बाईला मंगळवेढ्याच्या दवाखान्यात न्यायचे, हे माझे काम. किती मुलांचा पहिला टाहो मी दाराबाहेर उभी राहून ऐकला! बाया येता-जाता माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावत आणि मला फार बरे वाटे.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. मित्रांनो, त्या वर्षी मी माणसे कमी आणि पाणी जास्त वाहिले. मागे पिंपे ठेवून लांबच्या विहिरीवर जायचे आणि वस्तीवस्तीला वाटत यायचे. प्रत्येक खड्ड्यात पाणी हिंदकळून माझ्या तळाशी साचे. लोकांची तहान भागली, माझे पत्रे मात्र कुजले. दुष्काळ सरल्यावर मला लिंबाखाली लावले ते लावलेच. कोंबड्यांनी माझ्या मागच्या बाकावर अंडी घातली. एकदा आबासाहेब मला सुरू करायला बसले तर त्यांची चप्पल तळाच्या भोकातून थेट जमिनीवर गेली. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अशा वेळी सारजा माहेरी आली. सारजा म्हणजे आबासाहेबांची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली. मथुराबाईंनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. मूल पायाळू होते. हे बाळंतपण घरात करायचे नाही, कळा सुरू झाल्या की लगेच दवाखाना गाठायचा, असे त्यांनी भावाला बजावले. दिवस भरायचे होते ते दसऱ्याच्या सुमाराला, म्हणजे परतीच्या पावसात. त्या चिखलातून सारजाला नेणार कोण? आबासाहेब अंगणात आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या कुजक्या बाजूवर हात ठेवून म्हणाले, हिलाच नीट करू.

सोलापुरात मौलाली नावाचे पत्र्याचे कारागीर होते. त्यांच्याकडे मला नेले. मौलालींनी एका मेलेल्या जीपचे बॉनेट आणि मडगार्ड भंगार बाजारातून शोधून आणले, तळ आणि बाजू नव्या पत्र्यातून स्वतः घडवल्या. दुसरीचे बॉनेट मला कुठून नीट बसायला? एका बाजूने जुळले की दुसऱ्या बाजूला बोटभर फट. मौलाली कधी रागावले नाहीत. ते सगळे पत्रे आधी सैल अडकवत, लांब जाऊन एक डोळा मिटून बघत, आणि सगळ्यांचे एकमेकांशी जमले की मगच बोल्ट आवळत.

माझी पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते. तळाचे वेल्डिंग करण्याआधी ती काढणे भागच होते. आबासाहेबांनी ती स्वतः रिकामी करून उन्हात वाळवली होती आणि आता कसला धोका, असे त्यांचे म्हणणे. टाकीलाही गंजून भोके पडली होती, पण ती काठोकाठ पाण्याने भरल्याशिवाय त्या भोकांना डाग द्यायला मौलालींनी ठाम नकार दिला.

"रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आबासाहेब," ते म्हणाले. "तेल जातं, पण वास आत राहतो. पेटतो तो वासच."

दुष्काळात एकेका घागरीवरून डोकी फुटलेली पाहिलेला माणूस, त्याला इतके पाणी वाया घालवणे कसे सोसावे? आबासाहेब चिडले, पुटपुटले, पण शेवटी स्वतःच हापशावरून पाणी घेऊन आले.

सगळे ठीक चालले होते, पण खंडेनवमी आली. मित्रांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी आपल्याकडे ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. सोलापुरात मागांना हार, गिरण्यांना हार, ट्रकांना हार. प्रत्येकाला आपले वाहन आपल्या दारातच हवे. मौलालींनी आणखी थोडे दिवस मागितले. इंजिनाकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी जुनी झाली होती, नवी मिळेपर्यंत थांबा, असे ते म्हणत होते. आबासाहेब ऐकेनात. पूजेला गाडी दारात नाही म्हणजे काय, गाव काय म्हणेल! मग मौलालींनी जुनीच नळी पुसून परत बसवली आणि मला हिरवागार रंग मारून धाडून दिले.

खंडेनवमीला सकाळी मला दारात उभे केले. पुढे पाटावर विळे, खुरपी, कुदळ मांडली. मला झेंडूचा भला मोठा हार. मी किती नटले होते म्हणून सांगू! आबासाहेबांनी कौतुकाने सारजाला हात धरून माझ्यात चढवले आणि आपल्याच जागेवर बसवले. तिला चढता येईना, उतरायला तर त्याहून अवघड, पण तीही हसत होती.

येताना वाटेत माझी ती नळी फाटली होती आणि पुढच्या चाकामागे पेट्रोल थेंबथेंब गळत होते. मला ते कळत होते, पण मला बोलता कुठे येते? मथुराबाई एकदा म्हणाल्या की कसला तरी उग्र वास येतो आहे. आबासाहेब म्हणाले, नवा रंग आहे, येणारच. आरती झाली. कापराच्या ताटावरून सगळ्यांनी हात फिरवून डोळ्यांना लावले आणि आबासाहेबांनी ते जळते ताट, दरवर्षीप्रमाणे, माझ्या चाकाशी ठेवले.

भक्कन आवाज झाला आणि माझ्याखाली निळी ज्योत पसरली.

मथुराबाईंनी आधी सारजाला काखेत हात घालून अक्षरशः खेचून उतरवले. तेवढ्यात शेजारचे रावजी घागर घेऊन धावले आणि त्यांनी ती माझ्याखाली ओतली. त्यात त्यांचा काय दोष? आगीवर पाणी, एवढेच सगळ्यांना ठाऊक. पण पेट्रोल पाण्यावर तरंगते. आग पाण्याबरोबर वाहत मागे सरकली, टाकीच्या दिशेने. माझा जीव कासावीस झाला.

"पानी नगं!" मथुराबाई ओरडल्या. "कढईतलं तेल पेटल्यावर पानी वततो का आपण? झाका त्येला. माती टाका, माती!"

सारजाच्या बाळासाठी सोलापूरहून आणलेली नवी जाड चादर ओसरीवर होती. मथुराबाईंनी ती पाण्यात बुचकळली, पिळली आणि इंजिनाच्या बाजूने पेटलेल्या जागेवर दाबून धरली. आबासाहेब बॉनेट उघडायला निघाले तर वारा लागेल म्हणून त्यांना हटकले. बाकीच्यांनी पूजेतल्याच कुदळी उचलल्या आणि काळी माती खणून माझ्याखाली फेकली. आग विझली. हार करपला, वायरी जळाल्या, नव्या रंगाला फोड आले, मथुराबाईंच्या तळहातांना तर त्याहून मोठे. मी जिवंत राहिले, पण जागची हलेना.

आबासाहेब ओसरीवर डोके धरून बसले. संध्याकाळी ते फाट्यापर्यंत चालत गेले आणि एस.टी.च्या कंडक्टरजवळ मौलालींना निरोप दिला. दुसऱ्या दिवसापासून पाऊस सुरू झाला.

त्या पावसात मौलाली आले. फाट्यापासून चिखल तुडवत, खांद्यावर वायरींची भेंडोळी, नवी नळी आणि हातात एक लाल रंगवलेली बादली. आबासाहेब काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "घाई तुमची व्हती, पण हात माझा व्हता. जुनी नळी मी बसवली." आणि माझ्याखाली शिरले. लिंबाच्या पानांवरून त्यांच्या उघड्या पायांवर पाणी गळत होते तरी ते बाहेर आले नाहीत. रावजी त्यांच्यावर घोंगडे धरून उभे राहिले. बादलीत त्यांनी कोरडी माती भरून ती माझ्या मागच्या बाजूला अडकवली.

माझे इंजिन पुन्हा धडधडले आणि त्याच दुपारी सारजाला कळा सुरू झाल्या. मी तयार होते. पण सारजा दारातच थांबली.

"मी त्यात बसणार न्हाय," ती म्हणाली. "मरायचं तर हितंच मरंन, आत्या."

मित्रांनो, आगीने मला जेवढे भाजले नाही तेवढे या बोलण्याने भाजले. जिच्यासाठी मी नवे अंग घेतले होते तीच मला भ्याली होती. आबासाहेबांनी समजावले, मौलालींनी शपथ घेतली, ती हलेना. इकडे कळा वाढत होत्या.

मग मथुराबाई पायरी उतरल्या. दोन्ही हातांना फडकी बांधलेली. त्या चिखलात माझ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या, वाकल्या आणि माझ्याखाली डोके घालून हुंगू लागल्या. पुढच्या चाकामागे, नळीच्या सांध्यापाशी, टाकीखाली. म्हातारे गुडघे चिखलात रुतत होते, पण त्यांनी मला सगळीकडून हुंगले. मग कोपराने माझ्या मडगार्डाचा आधार घेऊन उठल्या. कपाळाला चिखल लागला होता.

"कायबी वास न्हाय," त्या म्हणाल्या. "चल पोरी."

सारजा आली. टाकीवरच्या जागेवर आबासाहेब बसले, मागे सारजा आत्याच्या मांडीवर डोके ठेवून, आणि कडेला बादली धरून मौलाली. असा चिखल मी जन्मात पाहिला नव्हता. मौलालींनी जुळवलेला एकेक पत्रा कण्हत होता, पण एकही सुटला नाही. आम्ही दवाखान्यात वेळेवर पोहोचलो. मुलगी झाली, पायांनीच आली, आणि डॉक्टर म्हणाले की घरी असती तर दोघीही गेल्या असत्या. आबासाहेब बाहेर येऊन माझ्या बॉनेटवर डोके टेकून रडले.

त्याला आता काही वर्षे झाली. मित्रांनो, वर्षातून एकदा तुम्ही आम्हा वाहनांना हार घालता, ओवाळता, ते आम्हाला फार आवडते. पण आमची नळी फाटली तर आम्हाला सांगता येत नाही. तुम्हीच वाकून बघा. जोडकाम करताना टाकी नुसती रिकामी करू नका, पाण्याने काठोकाठ भरा. आमच्याजवळ मातीची बादली ठेवा आणि कापूर लांब, तुळशीपाशी लावा. आमच्याकडे खंडेनवमीला आता असेच करतात. सारजाची लेक आजोळी आलेली असते. आजीच्या जागी असलेल्या मथुराबाईंचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून ती पोर परकराचा ओचा धरून माझ्याखाली शिरते, चाकांपाशी, नळीपाशी, टाकीखाली नाक लावून हुंगते, आणि तिथूनच मोठ्याने सांगते, "कायबी वास न्हाय!" ते ऐकल्याशिवाय आबासाहेब काडी ओढत नाहीत.