टाचेखालची माती

लटारू धावताना मागं बघायचा नाही. उजव्या कडेला खुशालच्या पायात चेंडू आला की हा मधून सुसाट सुटायचा आणि चेंडू बरोब्बर त्याच्या पुढ्यात येऊन पडायचा. खुशालनं कधी हाक मारली नाही, लटारूनं कधी वळून खात्री केली नाही. मी आपला गोलात उभा. दोघांचा खेळ बघत सुखानं तंबाखू मळायचो.

आमचं गाव नागभीडच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. लटारूचं घर मासोळ्या धरणाऱ्यांचं, जोडीला थोडी धानाची शेती. बाप लवकर गेला. आई भागीरथा डोक्यावर टोपली घेऊन बाजार करायची. फुटबॉल फाटला की जाळ्याच्या सुतानं तीच शिवून द्यायची. त्या शिवणीमुळं चेंडू जरा तिरपा उडायचा, पण तो तिरपेपणा आम्हाला पाठ होता, बाहेरच्यांना नव्हता. त्या चेंडूवर आम्ही भल्याभल्यांना पाणी पाजलं.

छप्पन साली आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. गावातलं कोणी जागचं हललं नाही ते सोडा. त्याच हिवाळ्यात नागभीडच्या खेळांत लटारूनं शंभर यार्डांची शर्यत मारली, तीही अनवाणी. नागपूरच्या एका रेल्वे टीमचा माणूस तिथं होता. तो म्हणाला, "संक्रांतीनंतर चांद्याच्या खेळांत ये. जागा एकच आहे. तिथल्या शर्यतीत पहिला आलास तर नागपूरला नेतो. टीममध्ये जागा आणि नोकरीही."

गावात आनंद झाला आणि तिथंच घात झाला, कारण लटारूचा चुलता सोमाजी कामाला लागला.

सोमाजीला शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतींचा नाद. त्याची बैलजोडी नावाजलेली होती. एका पटात उजवा बैल ऐन दौडीत लंगडला. खुरात काटा होता, मी डोळ्यांनी पाहिला. पण सोमाजीचं म्हणणं एकच, कोणीतरी बैलाच्या खुराखालची माती उचलून करणी केली. तेव्हापासून तो बैलांमागून बाभळीची फांदी ओढत चालायचा, खुरांचे ठसे पुसत. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हा तर पाणीही फुंकून पिणारा.

आता त्यानं पुतण्यालाच पटाचा बैल केलं. दुसऱ्याच्या घरचं खायचं नाही, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही, कमरेला लिंबू. आमचं मैदान म्हणजे पटाचंच मैदान. लटारू तिथं धावला की मागून हा फांदी ओढत हजर. वेसण तेवढी घालायची राहिली होती. लटारू हसायचा, आम्हीही हसायचो.

मग एका सकाळी सोमाजी धापा टाकत आला आणि आम्हाला मैदानावर घेऊन गेला. आदल्या संध्याकाळचा एक ठसा पुसायचा राहून गेला होता. लटारूच्या डाव्या पायाची करंगळी वळलेली, त्यामुळं ठसा कोणाचा हे सांगावं लागत नव्हतं. टाचेच्या जागी मूठभर माती उकरून नेलेली होती. कुत्र्याचं काम नव्हतं, बोटांच्या खुणा दिसत होत्या.

त्या दिवसापासून कोणी हसेना. काल सांजेला कुठं होतास, असं सोमाजीनं मलाही विचारलं. माझं डोकं फिरलं, पण खरं सांगतो, मीही घरी जाताना एकेकाच्या हाताकडं बघत गेलो. आणखी दोनदा माती गेली. लटारू धावणं संपवून वळायचा आणि आपल्या ठशांजवळ कोण उभं आहे ते बघायचा. पुढं पुढं धावता धावताच मान वळायला लागली.

संशय फिरत फिरत खुशालवर येऊन बसला. शर्यतीत लटारूच्या मागं नेहमी तोच, दुसरा. ज्याला फायदा त्याचाच हात, असं सोमाजीचं गणित. भर खेळात तो मैदानात घुसला आणि त्यानं खुशालचं मनगट धरलं.

"मूठ खोल. माती कुठी ठेवली सांग."

खुशाल आधी हसला. मग सोमाजीचं तोंड बघून त्याचा चेहरा उतरला. "काका, मी कायले नेऊ याच्या पायाची माती? मी त्याले चेंडू देतो, माती नाई नेत."

"मंग तुह्याशिवाय कोण हाय दुसरा? बोल ना!"

खुशालनं लटारूकडं पाहिलं. "तू बोल ना बे. तुले बी असंच वाटते का?"

लटारू बोलला नाही. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, खाली आपल्या पायांकडं बघत राहिला. मला आजही त्या गप्पपणाचा राग येतो. खुशालनं चेंडू उचलला, माझ्या हातात दिला आणि घरी निघून गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देताना आम्ही सगळे हजर.

चांद्याला आम्ही खुशालशिवाय खेळलो. लटारू मधून सुटायचा, चेंडू यायचाच नाही. हरलो, आणि चांगलेच हरलो. दुसऱ्या दिवशी शर्यत होती. खुशाल आपला आपण आला होता, कोणाशी न बोलता रेषेवर लटारूशेजारी उभा राहिला. सोमाजी तिथंच मागं, हातात फांदी घेऊन, घारीसारखा. शर्यत बघायला तो आलाच नव्हता, मातीची राखण करायला आला होता.

पिस्तूल उडालं. लटारू जो सुटला तो सगळ्यांच्या पुढं. खुशाल दोनच पावलं मागं होता. नागपूरचा तो माणूस फितीपाशी उभा होता, आणि मी ओरडून ओरडून घसा बसवला. त्याच वेळी गर्दीतून डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई पुढं आली आणि सुरुवातीच्या रेषेपाशी वाकली.

"लटारू! माती! माती उचलली!" सोमाजी बोंबलला.

लटारूनं वळून पाहिलं.

तेवढंच झालं. पाऊल चुकलं, छाती मागं गेली, आणि खुशाल बाजूनं निघून गेला. फीत खुशालच्या छातीला लागली.

सोमाजीनं तोवर त्या बाईचा हात पकडून ओढला होता. पदर खाली आला. भागीरथा. बाजार टाकून ती चांद्याला येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मुठीत माती, पदराच्या गाठीतही माती.

लटारू धापा टाकत आला. "माय, तू?"

"माह्या माहेरी असंच करतात, बापा." तिनं पदराची गाठ धरून ठेवली. "दूर जाणाऱ्याच्या पायाची माती चुलीपाशी ठेवतात. मंग तो कुठी बी गेला तरी वापस येते."

"मंग मले सांगाचं होतं ना! काऊन नाई सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू थांबला असता. तू जावं असंच वाटे मले. म्हणून तोंड बंद ठेवलं, अन् मातीलेच सांगतलं."

लटारू तिथंच बसला आणि लहान पोरासारखा रडला. सोमाजीनं हातातली फांदी टाकून दिली, पण आता टाकून काय उपयोग! बैल गेला आणि झोपा केला. नागपूरच्या माणसानं कबूल केल्याप्रमाणं पहिल्याला नेलं, आणि पहिला खुशाल होता. तो खेळाडूही खरा होता, त्याच्यावर माझा रोष नाही.

खुशाल निघाला त्या दिवशी नागभीडच्या स्टेशनवर आम्ही गेलो. लटारू बाजूला उभा होता. खुशाल डब्यात चढला तसा लटारू पुढं झाला, खाली वाकला, जिथून खुशालनं पाय उचलला होता तिथली माती त्यानं मुठीत घेतली आणि खुशालच्या आईपुढं, गुणाबाईपुढं धरली. "बाई, चुलीपाशी ठेवा. वापस येईल."

गुणाबाई दोन पावलं मागं सरकली. "आता कायची करणी करून राह्यला रे माह्या पोरावर?"

गाडी हलली. लटारू मूठ पुढं करून तसाच उभा. शेवटी भागीरथानं आपला पदर पसरला. "दे इकडं. तुह्या मातीजवळच ठेवीन."

उन्हाळ्यात खुशाल सुटीवर आला. बूट घालून, केस मागं वळवून. संध्याकाळी तो आपणहून मैदानावर आला, जुना शिवलेला चेंडू पायात घेतला आणि उजव्या कडेला गेला. लटारू मधून सुटला, तोच वेग, तीच चाल. खुशालनं चेंडू टाकला, बरोब्बर पुढ्यात.

लटारूनं मागं वळून पाहिलं. चेंडू त्याच्या पुढून निघून गेला, आणि मी तो आणायला पाळीकडं गेलो.