गळक्या नळाखालची कळशी

मित्रांनो, गल्लीच्या तोंडाशी भिंतीतून नाक बाहेर काढून उभा असलेला मी एक जुना पितळी नळ आहे. कारखान्यात मला घडवणाऱ्या कारागिराने घासूनपुसून झाल्यावर माझ्यात जोराची फुंकर मारली होती. ती फुंकर कुठे गेली असेल, हा मला पडलेला पहिला प्रश्न. तेव्हापासून नसत्या चौकशा करण्याची मला खोडच आहे. त्यातून आम्हा नळांना पाइपातून एकमेकांचे ऐकू येते, म्हणजे आयतीच सोय!

काही वर्षे माझी चांगली बडदास्त राहिली. मग आतला वायसर झिजला आणि मी गळू लागलो. समोरचे टेलरकाका लगेच पुढे सरसावले. "वाया कशाला घालवायचं?" म्हणत त्यांनी खाली कळशी ठेवली. पुढे घराघराची पाळी लागली. सोमवारी काकांची कळशी, मंगळवारी शेजारच्या मावशींची. थेंबे थेंबे तळे साचे, असे सगळे एकमेकांना ऐकवत. हळूहळू थेंबांची धार झाली, कळशीच्या जागी पिंप आले. गल्लीला आपल्या काटकसरीचा भारी अभिमान होता, आणि खरे सांगतो, मलाही होता. दुपारी सगळे कामावर गेले की पिंप भरून वाहायचे, पण ते पाहायला मी एकटाच असायचो.

चढावरच्या शेवटच्या घरातला नळ मात्र नुसता खोकायचा. ते घर सिस्टरांचे, म्हणजे निवृत्त नर्सबाईंचे. गल्लीतल्या निम्म्या पोरांची पहिली अंघोळ त्यांच्या हातची. आता त्या स्वतःच दोन कॅन घेऊन तीन ठिकाणी टेकत खाली यायच्या.

"गुडघे संपले माझे," एकदा त्या काकांना म्हणाल्या. "पाणीखात्यात अर्ज दिलाय. महिनाअखेर पाणी चढलं नाही, तर घराला कुलूप लावून भाचीकडे जाते."

काका हळहळले आणि माझ्याच पिंपातून त्यांचे कॅन भरून दिले. सिस्टरांचे पाणी जाते तरी कुठे, याचा मीही रात्रंदिवस विचार केला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत!

अर्ज वाचून पाणीखात्याच्या इंजिनिअर मॅडम आल्या. पिंपाखालचे शेवाळ त्यांनी वाकून पाहिले.

"सहा वर्षांत या नळाची एकही तक्रार नाही. आम्ही धरून चाललो, सगळं ठीक असेल."

"आम्हाला वाटलं, तुम्ही याल कधीतरी. पण वाया नाही जाऊ दिलं हो आम्ही!" काका म्हणाले.

"गावात सदतीस सार्वजनिक नळ आहेत, काका. एकोणतीस गळतात, आणि प्रत्येकाखाली असंच भांडं आहे. टाकीच अर्धी राहते, मग चढावर काय चढणार?"

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे सिस्टरांचं पाणी आम्ही भरत होतो?"

मॅडम म्हणाल्या, "आणि आम्ही भरू देत होतो." मला तर पाइपात शिरावेसे वाटले.

वायसर म्हणजे बटणाएवढी चीज. पण खात्याकडे माणसे दोनच आणि नळ एकोणतीस. तेव्हा खात्याने वायसर आणि नळ खोलायचे पाने दिले, बसवायला शिकवले, आणि तक्रार येवो न येवो, दरमहा एक फेरी मारायचे कबूल केले. गल्ल्यांनी आपापले नळ हाती घेतले. माझा वायसर काकांनी बदलला. कळशीची पाळी होती तशीच राहिली, फक्त ती आता नळ तपासण्याची झाली.

महिना संपायला चार दिवस होते. चढावरचा नळ एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि मग पाइपातून बादली भरल्याचा आवाज आला. मित्रांनो, मला इतका आनंद कधी झाला नव्हता!

संध्याकाळी सिस्टर रिकाम्या हाताने खाली आल्या. माझ्या तोंडाखाली तळहात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. हात कोरडाच राहिला.

"शहाणा माझा तो," म्हणून त्यांनी मला थोपटले.

पाणी न दिल्याबद्दल नळाला शाबासकी मिळालेली तुम्ही कधी ऐकली आहे का? म्हणून माझे एवढेच मागणे आहे. गळक्या नळाखाली भांडे जरूर ठेवा, पण ठेवून गप्प बसू नका. ज्याचे काम त्याला सांगा, तो आला नाही तर पुन्हा सांगा, आणि एकदा चढ चढून वर कोण राहते ते पाहून या.