लेस्याने मागितलेले दोन दिवस

माझी शाळा तिसरीत संपली, पण आमच्या डॉफिन गावच्या चर्चचं तळघरातलं स्वयंपाकघर एकतीस वर्षं मीच चालवलं. दर मंगळवारी आम्ही चौदा बायका कणकेच्या पारीत बटाट्याचं सारण भरून पिरोगी वळतो. ते विकून छपराची डागडुजी होते. हिशेब माझी सून लेस्या बघायची. माझा मुलगा मिरोन वारल्यावर ती माहेरी गेली नाही, माझ्याजवळच राहिली. मला तेवढं एकच माणूस उरलं होतं.

आमच्यात मेलेल्यांच्या नावाने लोक पैसे देतात, ते पिठाच्या पैशात मिसळत नाहीत. लेस्याने हिशेब वहीतून संगणकात घेतला तेव्हा मी बजावलं होतं, "मृतांचा पैसा कशाखालीच घालायचा नाही. वेगळा ठेव."

"आई, संगणक विचारतोय, हे खातं कशाखाली धरू?"

"त्याला सांग, पराश्का नाही म्हणते."

ती हसली आणि तसंच केलं.

फेब्रुवारीत, वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी ताळेबंद छापला तर दोन बाजू जुळेनात. सहा हजार आठशे चाळीस डॉलर चालू खात्यातून गेलेले दिसत होते. कुठे गेले ते कागदावर नव्हतं.

"मी मृतांच्या खात्यात टाकलेत," लेस्या म्हणाली. "पतपेढीत आहेत. इथे का दिसत नाहीत ते शोधते. पतपेढी सोमवारी उघडेल. मला दोन दिवस द्या."

आमच्या चौदाजणींतली नेटी बाबियुक सभेच्या जेवणासाठी कांदे चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन दिवसांत बरंच काही परत ठेवता येतं गं बाई."

माझं डोकं फिरलं ते तिथे. पराश्काने सुनेच्या चोरीवर पांघरूण घातलं, असं नेटीने गावभर सांगत फिरावं? दुसऱ्या कुणाची सून असती तर मी आठवडा दिला असता. दुसऱ्या दिवशी सभेत, सगळ्यांदेखत, मी लेस्यापुढे हात केला. "गल्ल्याच्या किल्ल्या."

"आई, तुम्ही मला ओळखता."

"मी कागद ओळखते." कागद मला धड वाचताही येत नव्हता.

सोमवारी तिने टेबलावर चेक ठेवला, बरोबर तेवढ्याच रकमेचा. मिरोनच्या विम्यातले तिच्या वाटणीचे पैसे. मग दोन बॅगा भरून ती ब्रँडन शहराला निघून गेली. बायका म्हणाल्या, भरलेच शेवटी, म्हणजे घेतलेच होते. मीही तेच म्हणाले. पतपेढीत जाऊन बघायचं कुणालाच सुचलं नाही.

चेक भरूनही दोन बाजूंतला फरक तेवढाच राहिला. शेवटी जुलैत आम्ही वॉल्टर दिदुखला बोलावलं. तो धान्याच्या गोदामात तीस वर्षं हिशेबनीस होता.

"पराश्का काकू, पैसे कुठेही गेलेले नाहीत," तो म्हणाला. "हे खातं कुठल्याच शीर्षकाखाली जोडलेलं नाही, म्हणून ताळेबंद त्याला धरतच नाही. पैसे जाताना दिसतात, पोचताना दिसत नाहीत. न जोडलेल्या खात्यांची यादी निघते इथे. ही बघा, त्यात हे एकच. असं कुणी ठेवायला सांगितलं?"

"जोड ते आता," मी म्हणाले. त्याने खातं जोडलं आणि दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या. खात्यात मृतांची नावं होती. शेवटचं नाव मिरोनचं, अकराशे डॉलर.

वॉल्टरच्याच गाडीने मी ब्रँडनला गेले. लेस्या दारात आली, अंगावर हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला एप्रन. मी तिच्यासमोर चर्चचा तेवढ्याच रकमेचा चेक धरला.

"तुझे पैसे. संगणकात गोंधळ झाला होता."

"संगणकात?"

"बरं, माझ्या डोक्यात. आता चल घरी. नेटीची जीभ मी कापते."

"नेटी परकी होती. ती बोलणारच." लेस्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं. "घरातच पुरावे मांडायचे नव्हते मला, म्हणून पैसे भरले. तुम्ही एकदा जरी विचारलं असतं ना, लेस्या, घेतलेस का? तर मी नाही म्हटलं असतं, आणि राहिले असते."

"आता विचारते."

"आता तुम्हाला उत्तर माहीत आहे."

तिने चेक घेतला, घडी करून खिशात टाकला. आत या म्हणाली नाही. "रस्ता लांबचा आहे, अंधार पडायच्या आत पोचा," एवढं बोलून दार लावलं.

पाच महिने मी तिच्या खोलीला हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी तिच्या पलंगावरची चादर काढली आणि धुवायला टाकली. दुसरी घातली नाही.